एका पाळीचे पाणी

परभणीहून पूर्णेकडे रेल्वेने निघाले की पहिले स्थानक लागते ते पिंगळी. रुळाच्या दोन्ही बाजूंना काळी, भारी जमीन. सप्टेंबरमध्ये या रानात पाऊल टाकले तर चिखलातून पाय निघत नाही आणि उन्हाळा लागेपर्यंत त्याच रानात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी जाते, उत्तरेकडून पूर्णा येते. पैठणहून निघालेला जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा याच जिल्ह्यात येऊन संपतो. दुसऱ्या बाजूला येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची धरणे, सेलूकडे निम्न दुधना. नकाशा पाहणाऱ्याला हा सगळा टापू ओलिताखाली असल्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात पिंगळीसारख्या गावांच्या शिवारात रब्बीची ज्वारी आणि हरभरा अजूनही मोठ्या प्रमाणावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर आणि नशिबावर येतात.

सिंचनावर किती खर्च झाला, याची चर्चा महाराष्ट्रात खूप झाली. किती कोटी, किती टक्के, कोणाच्या काळात. पण हा खर्च मोजायचा कशाने, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. धरणाची साठवण क्षमता हे एक माप. ‘निर्मित सिंचन क्षमता’ हे कागदावरचे दुसरे माप. कोरडवाहू प्रदेशात उपयोगाचे माप मात्र तिसरेच आहे: किती शेतांना, पिकाच्या नेमक्या गरजेच्या आठवड्यात, एक किंवा दोन पाळ्या मिळाल्या? हा प्रश्न वरवर अर्थसंकल्पाचा आणि अभियंत्यांचा वाटतो. तो तितकाच घरातल्या ताटाचा आणि बाईच्या अंगातल्या रक्ताचाही आहे.

आधी थोडे गणित. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. या भागात वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला, तरी हेक्टरी ऐंशी लाख लिटर होतात. हा काही वाळवंटाचा आकडा नव्हे. अडचण पावसाच्या एकूण बेरजेत नाही, त्याच्या वाटणीत आहे. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरातला पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. मराठवाड्यातले सोयाबीन नेमके फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या बेतात असताना पावसाने ओढ दिली. त्यानंतर २०२४ आणि २०२५च्या सप्टेंबरांनी उलटे टोक दाखवले. मराठवाड्यात अतिवृष्टीने रानेच्या राने पाण्याखाली गेली. एकच शेतकरी तीन वर्षांत खंडानेही बुडतो आणि पुरानेही, अशा ठिकाणी सिंचन म्हणजे बारमाही बागायतीचे स्वप्न नसते. पावसाने सोडलेली जागा भरून काढणे, एवढेच त्याचे काम असते. शेतीशास्त्रात त्याला संरक्षित सिंचन म्हणतात.

अशा एका पाळीला लागते किती? साधारण पन्नास मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटरच पाणी होते. ज्या गाडीची बातमी देशभर झाली, तिने एका हेक्टरची एक पाळी झाली असती! प्यायच्या पाण्याची आणि शेतीच्या पाण्याची मापे किती वेगळी आहेत, हे यातून ध्यानात येते. टँकरने, गाडीने, पाइपाने लांबून पाणी आणून शेती होत नाही. शेतीचे पाणी शेताजवळच असावे लागते, किंवा उताराने आपोआप यावे लागते.

आता ही पाळी कधी द्यायची? इथे काळ्या जमिनीचा स्वभाव कामाला येतो. भारी काळ्या मातीतली चिकण ओलाव्याने फुगते आणि वाळली की आकसते. मीटरभर खोल जमीन पिकाला ओढून घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. म्हणजे पावसाळा संपताना निसर्गानेच प्रत्येक शेताखाली एक तळे भरून ठेवलेले असते. रब्बीची ज्वारी या तळ्यावरच वाढते. पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी ती पोटरीत येते, आणि बहुधा तेव्हाच हे तळे आटायला लागलेले असते. कणसात किती दाणे भरणार, हे याच सुमारास ठरते. या वेळी ताण बसला तर पुढे कितीही पाणी द्या, दाण्यांची संख्या वाढत नाही. फुलोऱ्यानंतर ओल तुटली तर खडखड्या रोग येतो. बुरशी ताटाच्या बुडातून शिरते, ताट आतून पोकळ होऊन आडवे होते आणि कणीस हलके राहते. म्हणून कृषी विद्यापीठाचा सल्ला साधा आहे: एकच पाणी असेल तर पोटरीत द्या. हरभऱ्याचेही तसेच, फुलोरा आणि घाटे भरण्याची वेळ महत्त्वाची. त्याला उगाच जास्त पाणी दिले तर झाड नुसते माजते आणि मर लागते.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. काळ्या रानात भेगा पडायच्या आत पाणी दिले तर थोडक्यात भागते. भेगा पडल्यावर पाट सोडला की पाणी आधी भेगांतून खोल उतरते, मग सरीत पुढे सरकते. उशीर झाला की तेच शेत जास्त पाणी पिते आणि पिकाला उपयोग मात्र कमी होतो. पाणी तेवढेच, तारीख बदलली, की गुंतवणुकीचा अर्थही बदलतो.

राज्यातल्या कालव्यांचे खरे दुखणे या तारखेत आहे. आवर्तन कधी सुटेल, टोकाच्या चारीला कधी पोचेल आणि पोचेल की नाही, याची खात्री नसते. अशा अनिश्चिततेत शेतकरी काय करतो? तो असे पीक निवडतो, जे तीन-चार आठवडे पाणी लांबले तरी मरत नाही, पूर आला तरी उभे राहते, ज्याला कारखाना दार लावत नाही आणि ज्याचा किमान दर कायद्याने ठरलेला असतो. ते पीक म्हणजे ऊस. ऊस लावणाऱ्याला पाणीखाऊ म्हणून दोष देण्याची शहरी सवय आहे. ती अर्धवट आहे. उसाच्या वाढीमागे साखरेचे राजकारण आहे हे खरेच. पण बेभरवशाचा कालवा हेही त्याचे एक कारण आहे. हरभऱ्यासाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा गाठायचाच, एवढी हमी कालवा देऊ शकला असता, तर हरभरा लावायचे धाडस कितीतरी जणांनी केले असते.

या निवडीची किंमत प्रचंड आहे. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. ज्वारी किंवा हरभऱ्याच्या दोन पाळ्यांना लागते हेक्टरी एक हजार घनमीटर. म्हणजे एका हेक्टरच्या उसात वीस हेक्टर रब्बीचे संरक्षण मुरते. कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत वारंवार नोंदवले आहे की, महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय २०१७मध्ये झाला. त्याने थोडे भागेल, सगळे नाही. कारण ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर पुष्कळदा आणखी ऊसच लागतो.

जायकवाडीची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचायला हवी. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. प्रकल्पाची मूळ कल्पना मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीला आठमाही आधार देण्याची होती. डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात सुमारे १ लाख ४० हजार हेक्टर जमीन धरलेली आहे. इतक्या जमिनीला बारमाही पाणी पुरणार नाही, हे आखणी करणाऱ्यांना ठाऊक होते. पाणी पातळ पसरायचे, प्रत्येकाला थोडे, हाच बेत होता. पुढे वरच्या बाजूला नाशिक-नगरमध्ये धरणे वाढली, पैठणला येणारे पाणी घटले आणि मराठवाड्याने न्याय्य वाटपासाठी दाद मागितली. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, २०१४चा प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६चा उच्च न्यायालयाचा निकाल यांतून समन्यायी वाटपाचे तत्त्व पक्के झाले. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, हे सूत्रही त्यातूनच आले.

मराठवाड्याची ती मागणी रास्तच होती. पण ज्या तोंडाने वरच्यांना ‘तुम्ही खालच्यांचे पाणी अडवता’ म्हटले, त्याच तोंडाला कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याचे तेच गाऱ्हाणे ऐकायला अवघड जाते. कालव्याच्या मुखाकडचा ऊस आणि टोकाकडची भेगाळलेली ज्वारी यांच्यातले नाते नगर आणि पैठण यांच्यातल्या नात्याहून वेगळे नाही. फरक इतकाच की, एक भांडण न्यायालयात जाते आणि दुसरे चारीच्या गेटवर, रात्री, पाटकऱ्याशी होते. विधिमंडळात मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलणाऱ्यांपैकी लाभक्षेत्राच्या आतल्या अनुशेषावर बोलणारे थोडेच.

पैसा कुठे गेला, याचा हिशेबही इथेच लागतो. २०११-१२च्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचे एकूण पिकांखालील क्षेत्राशी असलेले प्रमाण दशकभरात जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबर २०१२मध्ये आलेल्या श्वेतपत्रिकेने ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. मग चितळे समिती, चौकश्या, आरोप. या गदारोळात एक गोष्ट मात्र फारशी कोणी विचारली नाही: एकाच राज्याची दोन सरकारी कागदपत्रे एवढा वेगळा आकडा देऊ शकतात, म्हणजे शेतात पोचलेले पाणी नियमितपणे मोजण्याची खात्रीची सोयच नव्हती. नंतर बरीच वर्षे आर्थिक पाहणीत या रकान्यात आकडाच छापला गेला नाही. ताप मोजायचा सोडून थर्मामीटर कपाटात ठेवण्यातलाच हा प्रकार.

मोठ्या धरणांवरचा विश्वास ढळल्यावर पैसा लहान कामांकडे वळला. जलयुक्त शिवार, मागेल त्याला शेततळे, जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८पासून चाललेली ‘पोकरा’ ऊर्फ नानाजी देशमुख कृषी संजीवनी योजना. तिच्या जिल्ह्यांत परभणीही आहे. दिशा चांगली होती. तरी जलयुक्त शिवारावर २०२०मध्ये कॅगने ताशेरे ओढले. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात त्याचा विशेष परिणाम झाला नाही, असा त्या अहवालाचा सूर होता. काही गावांत काम चांगले झाले, काही गावांत नाला खोदून नुसता खड्डा केला गेला, हे तिथे जाणाऱ्या कोणालाही दिसते. पण कामाची मोजणी पुन्हा घनमीटर मातीत आणि पूर्ण झालेल्या कामांच्या संख्येत झाली. कोणत्या शेताला कोणत्या महिन्यात पाणी मिळाले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

शेततळ्याचे उदाहरण घ्या. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, बाजू उताराच्या: अशा तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. पावसाने ते भरले आणि झिरपा-बाष्पीभवन सोडून निम्म्याहून थोडे अधिक जरी हाती उरले, तरी अडीच हेक्टरला एक पाळी निघते. ऑगस्टच्या खंडात सोयाबीन वाचवायला किंवा नोव्हेंबरात हरभऱ्याला द्यायला हे पुरेसे आहे. पण तळ्यात प्लास्टिक अंथरले, विहिरीतून-बोअरमधून उपसून ते भरले आणि एप्रिलपर्यंत मोसंबीसाठी किंवा द्राक्षासाठी राखून ठेवले, तर तेच तळे सगळ्या गावाचे भूजल एकाच्या नावावर करून उन्हात वाळत घालते. अनुदानाच्या कागदावर दोन्ही तळी सारखीच दिसतात.

बोअरवेलचे गणित आणखी कठोर आहे. मराठवाड्याखाली बेसॉल्टचा खडक आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या सांध्यांत. खोल कठीण खडकात पाणी फारसे नसतेच. तिथे लागते ते बहुधा वरून सांध्यांतून उतरलेले, शेजाऱ्याच्या विहिरीचेच. भूजलाचा २००९चा कायदा शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल बोअर घेऊ देत नाही. तो कायदा कितपत पाळला जातो, हे बोअरच्या गाड्या चालवणाऱ्यांना विचारावे. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, सौर पंपही वाढत आहेत. शेतकऱ्याचे वीजबिल वाचले, रात्रीची जागरणे कमी झाली, हे चांगलेच. पण उपशावरचा शेवटचा लगामही त्यामुळे सैल झाला.

आता ताटाकडे येऊ. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. याच परभणीतल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काम करून २०१८मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. जैवसंपृक्त ज्वारीचा हा देशातला पहिला वाण. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत हेच साधारण ३० आणि २०. रोज तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटात त्यामुळे साडेचार मिलिग्रॅम लोह जास्त जाते. तिची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची. धान्यातले लोह सगळे अंगी लागत नाही, हे गृहीत धरूनही फायदा छोटा नाही, शिवाय गोळी घ्यायला विसरण्याचा प्रश्न नाही. पण भाकरीत लोह यायला आधी रानात ज्वारी असावी लागते. ती दरवर्षी मागे हटते आहे, कारण तिला पाणी नाही आणि पाणी असेल तिथे तिला जागा नाही. हरभऱ्याची, तुरीची डाळ, घाटे, मेथी-शेपूसारखी हिवाळी भाजी, कडब्यावर पोसलेल्या म्हशीचे दूध — गावातल्या गरीब घरात पोषण येते ते याच वाटेने, आणि ही वाट रब्बीच्या एका पाळीवर उघडते किंवा बंद होते.

रब्बी बुडाली की घर काय करते, हेही आरोग्याच्या नोंदींत उतरलेले आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातून सर्वाधिक, पण परभणी आणि जालन्यातूनही. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे फोफावलेली खासगी दवाखानदारी आहे, लवकरची लग्ने आहेत, फडात ना पाणी ना आडोसा अशी परिस्थिती आहे. एक मूळ कारण मात्र फडाच्या बाहेर, त्यांच्या स्वतःच्या गावात आहे: नोव्हेंबर ते मार्च घरच्या रानात कामच नाही. एक विरोधाभास सहज डोळ्यांआड होतो. स्वतःच्या शेतात पाण्याची एक पाळी मिळत नाही म्हणून माणसे बाहेर पडतात, आणि ज्या पिकाने ते पाणी प्यायले, तेच तोडायला जातात.

सिंचनाने सगळेच आरोग्य सुधारते, असा भाबडा समज मात्र करून घेऊ नये. सुदानमध्ये निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबात ब्रिटिशांनी १९२५मध्ये सेन्नार धरण बांधून कापसासाठी गेझिरा योजना उभी केली. जगातल्या मोठ्या सिंचन योजनांत तिची गणना होते. कापूस पिकला, पण कालव्यांतल्या गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया आणि डासांचा हिवताप लक्षावधी शेतमजुरांच्या घरात शिरला. पुढे त्यावर वेगळा आरोग्य प्रकल्प चालवावा लागला. आपल्याकडे बिल्हार्झियाची तशी भीती नाही. पण डासांचे जीवशास्त्र इथेही तेच. अंड्यापासून डास बाहेर पडायला हवामानानुसार साधारण सात ते दहा दिवस लागतात. कालवा भरभरून वाहिला आणि आवर्तन संपल्यावर पूर्ण कोरडा पडला, तर ही साखळी तुटते. फुटक्या अस्तराच्या, गाळाने भरलेल्या, झुडपे माजलेल्या चारीत आवर्तन संपल्यावरही डबकी उरतात, आणि तिथे ही साखळी चालू राहते. म्हणजे चारीची दुरुस्ती हे टोकाला पाणी पोचवण्याचे काम आहे, तसेच हिवताप नियंत्रणाचेही. आजवर ते कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याच्या यादीत आलेले नाही. उलट बाजूही आहे: ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तिथे घरोघर पिंपे आणि हौद भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. टंचाईचे स्वतःचे डास असतात.

जगभरात सिंचनाखाली लागवडीची सुमारे पाचवा हिस्सा जमीन आहे आणि ती एकूण अन्नाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा देते, असे अन्न व कृषी संघटना सांगते. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सिंचनाचे प्रमाण फारच थोडे आहे, आणि तिथे आता पुन्हा गुंतवणुकीची भाषा सुरू झाली आहे. ‘कोरड्या भागात पाण्यावर पैसे घालण्यापेक्षा माणसांना शहराकडे न्या’ म्हणणारेही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परभणीच्या पुढच्या पिढीने शेतीतच राहावे, असा हट्ट कोणी धरू नये. पण माणसे जायचीच असतील तर शिकून, धडधाकट अंगाने, आपल्या मर्जीने जावीत, मुकादमाच्या उचलीवर नव्हे. दुसरा एक वर्ग कोकणातले, पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीत आणण्याच्या योजनांकडे डोळे लावून बसला आहे. ते पाणी येईल तेव्हा येवो. त्याच कालव्यातून, त्याच गेटमधून, त्याच पद्धतीने ते वाटले जाणार असेल, तर ते टोकाला पोचणार नाही आणि वाढेल तो मुखाकडचा ऊस.

वाटणी सुधारता येते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनुसार द्यायचे, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायचा नाही. नियम कडक होते आणि लोकांनी ते स्वतः ठरवून पाळले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कालव्याच्या टोकाकडच्या तीन पाणीवापर संस्थांपासून काम उभे केले. पाणी मोजून घ्यायचे, मापाप्रमाणे पट्टी भरायची, टोकाला आधी पाणी. पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. २००५मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा झाला, तोवर वाघाडला याचा अनुभव मुरलेला होता. वाघाड लहान आहे, जायकवाडी अवाढव्य आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पण जायकवाडीच्याही अनेक वितरिका वाघाडएवढ्याच किंवा त्याहून लहान आहेत.

नवा पैसा यायचा असेल तर तो आधी या वितरिकांवर यावा. अस्तर, गेट, बंद नलिका, आणि प्रत्येक चारीच्या तोंडाशी पाणी मोजणारे साधे यंत्र. यातले काहीही उद्घाटनाच्या फितीला शोभणारे नाही, आणि त्याला पैसे न मिळण्याचे तेच एक मोठे कारण आहे. धरणाला नाव देता येते. चारी क्रमांक अमुकला कोण नाव देणार? कालव्यावरची पदे रिकामी ठेवून आणि देखभालीचा खर्च पाणीपट्टीच्या वसुलीवर सोडून कोट्यवधींची धरणे चालवण्याचा प्रयोग पुरेसा झाला आहे.

दुसरी मागणी जवळजवळ फुकटची आहे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीची आवर्तने ठरतात. ती धरणातल्या टक्क्यांवरून ठरतात. पिकाच्या वयावरून ठरायला हवीत. विद्यापीठ परभणीत आहे, पेरणीच्या तारखा कृषी खात्याकडे असतात, जमिनीतली ओल मोजण्याची उपकरणे आता महाग राहिलेली नाहीत. प्रत्येक वितरिकेवर अमुक चारीला अमुक तारखेला पाणी येईल, असा फलक ग्रामपंचायतीत आणि मोबाइलवर आवर्तनाआधी महिनाभर लागायला हवा. चुकले तर कोणाकडे दाद मागायची, तेही त्यावर लिहावे. आणि प्रशासनाने वर्षाअखेर जाहीर करावयाचा आकडा असा असावा: टोकाच्या इतक्या हेक्टरला पोटरीच्या, फुलोऱ्याच्या आठवड्यात पाणी मिळाले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली ज्वारी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोटरीत येते. मुखापासून टोकापर्यंत पाणी पोचायला लागणारे दिवस धरले, तर कालव्याचे दार नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उघडलेले असायला हवे, आणि बैठक त्याच्याही आधी.